माणसाआधी मांडणी बघा: मुंबईत राहून मानसशास्त्र शिकायची सुरुवात

मानसशास्त्रातल्या गाजलेल्या परिणामांची यादी पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. अँकरिंग, सन्क कॉस्ट, बायस्टँडर इफेक्ट ही नावं पटकन तोंडात बसतात आणि मग पुढे बरेच दिवस त्यांचा उपयोग इतरांच्या चुका दाखवायला होतो. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की नावं थोडी बाजूला ठेवा आणि आधी आपल्या रोजच्या जागा धरा: स्टेशन, बाजार, सोसायटीची सभा, घरातला फोन. या जागांवर माणूस जसा वागतो त्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो. पण बऱ्याचदा ते त्या जागेच्या मांडणीत असतं. मांडणी दिसायला लागली की नाव शिकायला वेळ लागत नाही, आणि काय बदलता येईल तेही सुचायला लागतं.

सामान म्हणून एक छोटी वही पुरेल, किंवा मोबाईलमधली नोट. रोज एकच नोंद करायची: काय घडलं, मी किंवा समोरच्याने काय केलं, आणि त्या वेळी आजूबाजूला काय होतं. गर्दी किती, घाई किती, कोण बघत होतं, आधी कुणी काय बोललं. परिणामाचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. नाव आधी लिहिलं की उरलेली नोंद त्या नावाला शोभेल अशीच होते. हाच कन्फर्मेशन बायस, आणि तो शिकणाऱ्याच्या वहीतही शिरतो.

पहिली पायरी: स्वभावाचा शेरा थोडा वेळ थांबवा

संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या विरारच्या जलद लोकलमध्ये अलीकडच्या बोरिवलीला उतरणारा कुणी चढला, तर दारातल्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, कधी शब्दाला शब्दही लागतो. बघणारा म्हणतो, "काय उर्मट लोक आहेत!" त्याच दारात रोज उभा राहणारा माणूस रविवारी दुपारच्या रिकाम्या गाडीत भेटला तर आपण होऊन सरकून जागा देतो. स्वभाव तोच असतो. दाराशी किती माणसं आहेत, घर किती स्टेशनं लांब आहे आणि बोरिवलीला दाराजवळ किती रेटारेटी होणार आहे, एवढंच बदललेलं असतं.

समोरच्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीचं वजन कमी धरायचं, या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये फंडामेंटल अ‍ॅट्रिब्यूशन एरर असं नाव दिलं. त्याआधी १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये केलेला प्रयोग नवशिक्याने नीट समजून घ्यावा. धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हा होता. वाटेत एक माणूस दाराशी कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना "अजून वेळ आहे" असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. "उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घाईने पडला. सकाळी साडेआठला दादरच्या पुलावर एकमेकांना धक्के देत जाणारी माणसं बघताना हा आकडा मनात असू द्या.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ही सवय सगळीकडे सारखी नसते. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना केली, तेव्हा म्हैसूरची प्रौढ माणसं वागण्याची कारणं परिस्थितीत आणि नात्यांत जास्त शोधताना दिसली, अमेरिकन प्रौढ स्वभावात. म्हणजे "घरी काहीतरी झालं असेल बिचारीच्या" म्हणणाऱ्या आपल्या मावश्या-आत्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

स्वभावाचा शेरा थांबवल्यावर काय हाती लागतं, हे मुंबईतच वडाळ्याला दिसलं. रूळ ओलांडताना लोकलखाली येऊन माणसं मरतात, आणि आपलं ठरलेलं उत्तर असतं: लोक बेपर्वा आहेत, त्यांना जीवाची किंमत नाही. फायनल माईल या मुंबईच्या सल्लागार गटाने २०१० च्या सुमारास रेल्वेसोबत काम करताना वेगळा प्रश्न विचारला: रूळ ओलांडणाऱ्याच्या डोळ्यांना आणि कानांना त्या क्षणी नेमकं काय कळतं? मोठी वस्तू प्रत्यक्षात असते त्यापेक्षा सावकाश येतेय असं वाटतं, असं हर्शेल लिबोविट्झ यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं. लोकलसारखी अजस्र गोष्ट समोरून येताना तिच्या वेगाचा अंदाज कमीच येणार. म्हणून फायनल माईलने रुळांखालचे आडवे स्लीपर एक सोडून एक पिवळे रंगवले. गाडी किती भराभर पट्टे गिळत येतेय, यावरून वेग डोळ्यांना कळावा हा हेतू. मोटरमनने एकच लांब भोंगा देण्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यावेत, असं सुचवलं. मधल्या शांततेने कान टवकारतात. आणि सूचनांच्या पाटीऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भीतीने विस्फारत जाणाऱ्या चेहऱ्याचे फोटो लावले. त्या जागचे मृत्यू घटल्याच्या बातम्या आल्या. लोकांना उपदेश केला नाही, दंड वाढवला नाही. जागेची मांडणी बदलली. मला या विषयात याहून चांगला पहिला धडा माहीत नाही.

तुमचा सराव: आठवडाभर, "काय माणूस आहे!" असं मनात आलं की वहीत त्या माणसाभोवतीच्या तीन गोष्टी लिहा. तीन सापडेपर्यंत पान उलटू नका.

दुसरी पायरी: आकडा ऐकण्याआधी आपला आकडा लिहा

टवर्स्की आणि काहनेमन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला. आकड्यांचं एक चक्र फिरवायचं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतले देश किती टक्के? चक्रावर १० बघितलेल्यांच्या उत्तरांचा मध्य २५ आला, ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काही संबंध नाही हे कळण्यासारखं होतं, तरी आकडा मनात रुतला. यालाच अँकरिंग म्हणतात.

कुलाबा कॉजवेवर किंवा फॅशन स्ट्रीटवर हेच रोज घडतं. बॅगेचे बाराशे सांगितले जातात, घासाघीस होते, सातशेला सौदा ठरतो आणि आपण खुशीत निघतो. पण आपण बाराशेवरून खाली आलो, आपल्या गरजेवरून वर गेलो नाही. उपाय सोपा आहे आणि तो दुकानात शिरण्याआधीच करायचा: या वस्तूला मी जास्तीत जास्त किती देईन, तो आकडा मोबाईलमध्ये टाका. विक्रेत्याचा आकडा कानावर पडल्यावर केलेला हिशेब हा तुमचा हिशेब उरत नाही. पोटासाठी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाशी पाच-दहा रुपयांवरून भांडावं, असं मी म्हणत नाही. आपला आकडा कुठून आला एवढं कळावं, यासाठी हा सराव.

भाड्याचं घर बघताना हाच खेळ मोठ्या रकमेचा होतो. ब्रोकर पहिल्यांदा जी जागा दाखवतो ती अनेकदा अंधारी, पाण्याची बोंब असलेली आणि भाडं मात्र चढं. दुसरी जागा साधीच असते, पण पहिलीच्या शेजारी ती छान वाटते. त्यातच वाक्य येतं, "दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय." म्हणजे आधी आकड्याचा खुंटा, मग तुलना, मग हातची जागा जाण्याची भीती. काहनेमन आणि टवर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की तेवढ्याच मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला जास्त टोचतं. या भीतीवर ताबा मिळवायचा तर घर बघायला जाण्याआधी त्याच इमारतीतल्या दोघा भाडेकरूंकडे किंवा वॉचमनकडे चालू भाडं आणि डिपॉझिट विचारून घ्या, आणि घरी ठरवून निघा: टोकन आज द्यायचं नाही, एक रात्र जाऊ द्यायची. पार्टी खरंच आली तर येऊ द्या.

दोन छोट्या गोष्टी, ज्या लगेच कामाला येतात

नवीन नोकरीत, नवीन कॉलेजात सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्या आलं. सभेत मराठीतून प्रश्न विचारताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट वेळेच्या अंदाजाची. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा, लागले सुमारे ५५. अंधेरीहून ठाण्याला रस्त्याने किती वेळ लागेल असं विचारलं, की आपण मोकळ्या रस्त्याचं चित्र मनात आणून उत्तर देतो. त्याऐवजी मागच्या दोन-तीन खेपांना प्रत्यक्ष किती लागला ते आठवा आणि तोच आकडा धरा. घराच्या रंगकामाला, पासपोर्टच्या कागदपत्रांना, मुलांच्या प्रकल्पाला, सगळ्याला हीच रीत.

तिसरी पायरी: सभेत चर्चेआधी चिठ्ठी

सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा म्हणजे या विषयाची प्रयोगशाळाच. सेक्रेटरी एका बिल्डरचं नाव घेतात, पुढच्या रांगेतले दोघे-तिघे ज्येष्ठ माना डोलावतात, आणि मागे बसलेल्या ज्या बाईंनी करारातलं कॉर्पसचं (बिल्डरने सोसायटीला द्यायच्या निधीचं) कलम रात्री जागून वाचलेलं असतं, त्या गप्प राहतात.

सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात हीच कोंडी टेबलावर मांडली. तीन रेषांपैकी दिलेल्या रेषेएवढी लांब कोणती, एवढाच प्रश्न. आधी बोलणारे सगळे जण ठरवून चुकीचं उत्तर देत. खऱ्या सहभागींपैकी तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. पण त्याच प्रयोगांत आणखी दोन गोष्टी दिसल्या, आणि गाजलेल्या परिणामांच्या यादीत त्या सहसा सापडत नाहीत. एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी मागे जाणारे झपाट्याने कमी झाले. आणि उत्तर मोठ्याने न बोलता कागदावर लिहायला दिलं, तरी कमी झाले.

म्हणून सभेसाठी दोन कामं करा. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपलं मत आणि एक शंका चिठ्ठीवर लिहून द्यावी, नाव नको, आणि अध्यक्षांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात. ही सूचना सभेच्या आधी सेक्रेटरींकडे लेखी द्या. ऐन वेळी मांडली तर ती कुणाच्या तरी विरोधात आहे असं वाटतं. दुसरं, तुमच्यासारखीच शंका असलेला एक तरी माणूस आधी गाठून ठेवा. दोघांनी एकामागून एक बोलायचं. बहुमताची गरज नसते. पहिला आवाज एकटा पडू नये, एवढंच लागतं.

याच सभांत "एवढी वर्षं याच आर्किटेक्टबरोबर घालवली, आता बदलायचं कसं?" हे वाक्यही ऐकू येतं. ही सन्क कॉस्ट, म्हणजे आधीच खर्ची पडलेल्या गोष्टींचं ओझं. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की नाटकाच्या हंगामी तिकिटांना पूर्ण पैसे मोजलेले लोक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या सुरुवातीला जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती. गेलेली वर्षं निर्णयातून वगळायला एक प्रश्न पुरतो: आज पहिल्यांदाच निवड करायची असती, तर यांनाच निवडलं असतं का?

चौथी पायरी: गर्दीत मदत मागताना एकाकडे बोट दाखवा

प्लॅटफॉर्मवर कुणी चक्कर येऊन पडलं, भोवती पन्नास माणसं, आणि काही क्षण कुणीच हलत नाही. डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये हे तपासलं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला धावले, आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्के. जबाबदारी वाटली जाते आणि कुणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही. हाच बायस्टँडर इफेक्ट.

या अभ्यासामागे न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीज या तरुणीचा १९६४ मधला खून होता. ३८ जणांनी तो बघितला आणि कुणी काही केलं नाही, असं तेव्हा वर्तमानपत्रात छापून आलं. ती बातमी फुगवलेली होती हे पुढे उघड झालं. काहींनी पोलिसांना फोन केल्याचं सांगितलं, एक शेजारीण खाली धावली होती. आणि २०१९ मध्ये फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी तीन देशांतल्या रस्त्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दहांपैकी नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडल्याचं दिसलं. नवशिक्याने इथे एक सवय लावून घ्यावी: गाजलेला किस्सा आणि तपासलेला प्रयोग यांची नोंद वेगवेगळ्या पानांवर ठेवायची. प्रयोगही पुन्हा करून बघितले जातात आणि काही टिकत नाहीत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून बघितले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत निकाल तसाच ठळक आला. म्हणून एखादा परिणाम आवडला की आधी शोधा, तो इतरांनाही सापडला का.

आपल्याकडे मदतीला पुढे न होण्यामागे आणखी एक कारण असतं: पोलीस, जबाब, कोर्टाच्या खेपा. ती भीती खोटी नव्हती. पण रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांना २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. ही माहिती घरात, ऑफिसात सांगा. मांडणीचा तोही भाग आहे.

प्रसंग आलाच, तर "कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा" असं ओरडू नका. एकाकडे बघून म्हणा, "दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा." दुसऱ्याला म्हणा, "ताई, तुम्ही स्टेशन मास्तरांना सांगा." नेमून दिलेला माणूस हलतो.

पाचवी पायरी: घरातल्या फोनची मांडणी

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे आयुष्यभराची पुंजी जाते. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत," असा फोन येतो. मग व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, मुलांना सांगायचं नाही. याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, आणि अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. फसलेल्यांत निवृत्त अधिकारी असतात, डॉक्टर असतात. "एवढं शिकून कळलं कसं नाही?" असं आपण म्हणतो, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवरची चूक करतो.

स्टॅन्ले मिलग्राम यांचा १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यावर प्रकाश टाकतो. प्रयोग घेणाऱ्याच्या हुकमावरून दुसऱ्याला विजेचे झटके द्यायचे होते. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. चाळीसपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. सुरुवात १५ व्होल्टपासून, दर वेळी १५ ची वाढ. कुठल्याच पायरीवर "आता मात्र फार झालं" असं ठळकपणे जाणवत नाही. फोनवरचा भामटाही आधी नाव विचारतो, मग आधारचे शेवटचे चार आकडे, मग बँकेचं नाव, आणि "पडताळणीसाठी" पैसे सगळ्यात शेवटी.

मिलग्राम यांनी मांडणी बदलून पुष्कळ प्रयोग केले. हुकूम देणारा समोर नसून फोनवर असला, तर शेवटपर्यंत जाणारे पाचातल्या एकाच्या आसपास उरले. म्हणूनच भामट्याला नुसता फोन पुरत नाही. त्याला व्हिडिओ आणि गणवेश लागतो. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी नकार देऊन उठायचं ठरवलं, तेव्हा चाळीसपैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. "घरात कुणाला सांगू नका" या वाक्याचा अर्थ इथे कळतो. त्यांना तुमच्या शेजारी दुसरा माणूस नको असतो.

तेव्हा आई-बाबांना, काका-काकूंना अक्कल शिकवू नका. त्यांच्याबरोबर बसा आणि चार गोष्टी ठरवा. पोलीस, बँक, कुरिअर, कोण का असेना, पैशाचं नाव निघालं की फोन ठेवायचा आणि घरातल्या एका ठरलेल्या माणसाला लावायचा. तो मीटिंगमध्ये असला तरी उचलेल. "कुणाला सांगू नका" हे शब्द ऐकले की तीच सांगायची वेळ. बाजूच्या फ्लॅटमधल्या एकाला विश्वासात घेऊन ठेवायचं, म्हणजे बेल वाजवायला कुणीतरी असेल. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावायचा. पैसे गेलेच तर जितक्या लवकर तिथे कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मग एकदा खोटा फोन करून सगळ्यांनी मिळून सराव करा: तुम्ही इन्स्पेक्टर व्हा, आईने फोन ठेवायचा. पहिल्यांदा तिला ते उद्धटपणाचं वाटेल, म्हणून दोनदा करा.